मुठीपर्यंतचा कोट

...आणि जाडी मोजायचा चिमटा काही मिटेना. ओटमारने तो उघडला, त्याच्या दातांवर फुंकर मारली, पुन्हा लावला. काटा होता तिथेच.

"आत काय घातलंयस, रेगुला?"

"स्वेटर."

"याला स्वेटर म्हणतात? ही तर अख्खी मेंढी आहे!"

बाकावर बसलेले आम्ही पाचसहा जण हसलो आणि हसता हसताच एकेक करून गप्प झालो. तिने कोटाची बटणं काढली होती आणि आतला हिरवा स्वेटर आता सगळ्यांना दिसत होता, गळ्याशी उसवलेला. मागच्या हिवाळ्यापर्यंत हाच स्वेटर घालून हान्सुएली याच बाकावर माझ्या उजव्या हाताला बसायचा.

काल मी इथवर आलो आणि जेवायची हाक आली. आता आधी मागचं सांगतो, कारण रेगुला कोण ते कळल्याशिवाय त्या स्वेटरात काही राम नाही.

रेगुला एबरसोल्ड ही आमच्या श्वांडबाख गावची शिंपीण. बँडवाल्यांचे गणवेश, नवऱ्यामुलींचे झगे, म्हाताऱ्यांच्या रविवारच्या विजारी, सगळं तिच्या हाताखालून जायचं. माझ्या पोटाचा घेर माझ्या बायकोच्या आधी तिला कळायचा आणि ती तो कुणाला सांगायची नाही, हे तिचं मोठेपण. तोंडात टाचण्या धरायची सवय, त्यामुळे मुळातच बोलणं कमी. नवरा हान्सुएली बरोबर उलटा. हा गडी जंगलखात्यात लाकूडतोड्या होता, आणि झाड पडण्याआधी त्याची गोष्ट सांगून व्हायची. आमच्या नेमबाजी मंडळात त्याच्याइतका शांत हात कुणाचा नव्हता आणि त्याच्याइतकं अशांत तोंडही.

फेब्रुवारीत झाड पाडताना एक फांदी भलत्या बाजूला आली. सांगायला मी आणि पाद्रीबाबा गेलो. ती बँडमधल्या कुणाची तरी विजार शिवत बसली होती. पाद्रीबाबांनी सांगितलं. तिचा पाय मशीनवरून हलला नाही. शिवण अर्ध्यावर होती, ती तिने खालपर्यंत नेली, दोरा कापला, दिवा मालवला आणि म्हणाली, "चला."

गावात त्या शिवणीची चर्चा महिनाभर चालली. आमच्या चांदमारीच्या, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरच्या, खोपटात स्वयंपाकघर सांभाळणारी ट्रूडी म्हणाली, "हिच्या छातीत काळीज आहे की दोऱ्याचं रीळ?" ट्रूडीची जीभ तशीच आहे. पण त्या महिन्यात रोज संध्याकाळी सूपचं पातेलं घेऊन रेगुलाच्या दाराशी कोण जात होतं, तेही मी पाहिलंय. रेगुला पातेलं घ्यायची, धुऊन परत द्यायची. बाकी काही नाही. रडली नाही, रागावली नाही. दुकानात गेली तर पाव घेऊन उभीच राहायची, मागचा माणूस खाकरेपर्यंत. नंतर दुकानातही जाईनाशी झाली. कपडे दाराच्या आकड्याला अडकवून ठेवायचे, दोन दिवसांनी शिवलेले न्यायचे, असा कारभार सुरू झाला.

आणि मे महिन्यात, शनिवारच्या सरावाला, सायकलवरून ही बाई आली. पाठीला हान्सुएलीची रायफल, अंगात हान्सुएलीचा कोट.

"शिकायचंय," म्हणाली.

आमच्या मंडळात एक रीत आहे. नवख्याने पहिल्या वर्षी काही विकत घ्यायचं नाही. कानांवरची झाकणं आणि डाव्या हाताचा जाड मोजा एवढं स्वतःचं, बाकी सगळं खोपटातल्या कपाटातून. त्या कपाटात कोट टांगलेले असतात. म्हातारे झालेल्यांचे, गाव सोडून गेलेल्यांचे, देवाघरी गेलेल्यांचे. जो अंगाला बसेल तो घ्यायचा. मेलेल्या माणसाचा कोट घालायला आमच्याकडे कुणी कचरत नाही. माझ्या पहिल्या कोटाच्या कॉलरच्या आत 'पेरेन' असं नाव शिवलेलं होतं, आणि मी पहिल्यांदा दहाच्या वर्तुळात मारलं तेव्हा सगळे ओरडले होते, "शाब्बास पेरेन!" मी सोळा वर्षांचा, पेरेन मरून आठ वर्षं झालेली. मला राग आला होता. आता हसू येतं.

एखादा शूटर गेला की घरची मंडळी त्याचा कोट वर्षाच्या आत कपाटात आणून लावतात. हान्सुएलीचा कोट काही आला नव्हता. आणि आता तो आला तर असा, बायकोच्या अंगावरून. मी म्हटलं, "ये, आडवी हो, शिकवतो."

तीनशे मीटरवर निशाण. पलीकडच्या टेकडीत खंदक, खंदकात खुणा दाखवणारी माणसं, मधल्या कुरणातून गाई आधी हलवायच्या, लाल झेंडा चढवायचा, मग गोळी. पोटावर पडायचं, डाव्या दंडाला पट्टा आवळायचा, रायफलच्या पुढच्या कडीत तो काळा ठिपका आणायचा आणि चाप असा ओढायचा की तुमचं तुम्हालाच कळू नये. ती शिकली. शिकली म्हणजे काय, ऑगस्टपर्यंत तिची गोळी नऊ आणि दहा सोडून कुठे जाईना. खंदकातल्या माणसांनी फोनवर विचारलं, "तिसऱ्या निशाणावर कोण आहे रे? हान्सुएली परत आलाय का?"

मी तो प्रश्न तिला सांगितला नाही. पण तिची रायफल मी पाहत होतो. दगडावर ठेवल्यासारखी. आडवी झाली की हलायचं नाव नाही. उठायची, काडतुसांच्या रिकाम्या नळ्या गोळा करायची, "येते" म्हणायची आणि जायची. त्याच एका शब्दासाठी ती आठवड्यातून एकदा घराबाहेर पडत होती. माझी बायको व्रेनी म्हणाली, "कोबी, त्या चांदमारीचं दार बंद झालं तर हिच्या घराचं दारही बंद होईल. मग कायमचं." व्रेनी कमी बोलते, पण बोलते ते पायात मोडलेल्या काट्यासारखं राहतं.

सप्टेंबरात दरीतल्या नऊ गावांची स्पर्धा असते. रेगुलाचं नाव आम्ही घातलं. ठरलेले गुण झाले तर पानांच्या माळेचा बिल्ला मिळतो. नवख्याला पहिल्याच वर्षी माळ म्हणजे गावात चार दिवस कॉफीबरोबर श्नाप्सची दारू. आणि रेगुलाला ती मिळणार याबद्दल कुणाला शंका नव्हती.

पण स्पर्धा म्हणजे ओटमार.

ओटमारचं सगळं आयुष्य रेल्वेच्या सिग्नलवर गेलं. हिरवा म्हणजे हिरवा, लाल म्हणजे लाल; पिवळ्याबद्दलही त्याची मतं आहेत. सरावाला तो काही बघत नाही, कॉफी पीत बसतो. स्पर्धेच्या आधीच्या शनिवारी मात्र खोपटात त्याचं टेबल लागतं. जाडी मोजायचा चिमटा, आकडा असलेलं दीड किलोचं वजन, बुटांचे तळवे वाकवायची फळी. कोट किती जाड, मोजा किती जाड, पट्टा किती रुंद, बाही मनगटाखाली तर येत नाही ना, सगळं मोजून घेतो. बेकर आलोइसने एकदा रायफलला नवा चाप बसवून आणला होता. इतका हलका की ओटमारने वजनाचा आकडा नुसता टेकवला आणि चाप सुटला.

"आलोइस, दीड किलो उचलायला हवा हा. याने तर तुझा श्वासही उचलला नाही."

"अरे, माझं बोट नाजूक आहे!"

"मग कणीक कोण मळतं? बायको?"

शाळामास्तर नवेकोरे बूट घालून आले, तर तळवा फळीवर वाकेचना. ओटमार म्हणाला, "मास्तर, या बुटात तुम्ही उभे राहत नाही, बूट तुम्हाला उभे करतात. काढा." त्याचं एक आवडतं वाक्य आहे. कुणी कुरकूर केली की तो ते काढतो: "कपडाच नेम धरत असेल तर बिल्लाही कपड्यालाच लावू या." आम्हा चौथीपर्यंत शिकलेल्यांना नियमांचं एवढं एक वाक्य पुरतं.

तर असा तो शनिवार. चिमटा मिटत नव्हता. मी काल सांगत होतो तो हाच.

"कोटाच्या आत जे काय असेल ते जास्तीत जास्त अडीच मिलिमीटर," ओटमार म्हणाला. या वेळी तो मेंढीबिंढी म्हणाला नाही. "हा स्वेटर चालणार नाही, रेगुला."

"थंडी वाजते."

"ऑगस्टमध्ये वाजत होती?"

तिने स्वेटरच्या गळ्याचा उसवलेला धागा आत खोचला.

"हात खाली सोड. सरळ. आता मूठ वळ."

तिने मूठ वळली. नियम असा की कोटाची कड मुठीच्या खाली जायला नको. हान्सुएली उंच माणूस, ही त्याच्या खांद्याला लागणारी. कोटाची कड मुठीच्या चार बोटं खाली लोंबत होती.

"हेही," ओटमार म्हणाला. "चार बोटं."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून ट्रूडीचं डोकं बाहेर आलं. "अरे ए सिग्नल! चार बोटांनी कोणती गाडी चुकते तुझी? जाऊ दे की तिला!"

"तू सॉसेज बघ, करपतायत."

"सॉसेज करपले तरी खाता येतात. तू तर कच्चासुद्धा खाता येत नाहीस!"

ओटमारने तिच्याकडे पाहिलं नाही. "कपाटात एक लहान मापाचा कोट आहे, रेगुला. तुला बसेल. तो घे."

"नको."

"मग हा काप. शिंपीण तू आहेस, मी नाही."

रेगुलाने बटणं लावली, वरपासून खालपर्यंत, एकही न चुकता. रायफल पुसली, पाठीला लावली. त्या दिवशी ती "येते" म्हणाली नाही.

आठवड्याच्या मधे व्रेनीने मनुके घातलेला केक भाजला आणि ताटात घालून माझ्या हातात दिला. "जा," म्हणाली. एवढंच. मी गेलो.

रेगुलाचं दार उघडंच होतं. ती शिवणाच्या टेबलापाशी बसली होती. टेबलावर कोट पसरलेला, त्यावर खडूची रेघ, सरळ, सुबक, चार बोटं वर. रेघेशेजारी कात्री. रेघेवरून बोट फिरवलं तर खडू लागेना. म्हणजे आजची नव्हती, कालपरवाची असणार.

"केक आहे," मी म्हटलं.

"ठेव."

ठेवला. मी खुर्ची ओढून बसलो. मला गप्प बसता येत नाही हे साऱ्या दरीला माहीत आहे, म्हणून मी तिला पेरेनच्या कोटाची गोष्ट सांगितली. मग आलोइसच्या बोटाची. मग हान्सुएलीने एकदा उलटा मोजा घालून अर्धी स्पर्धा मारली होती त्याची. तिने ऐकलं. ऐकलं की नाही देव जाणे. खिडकीकडे पाहत होती.

शेवटी माझ्या गोष्टी संपल्या. सहसा संपत नाहीत.

"कापवत नाही का?" मी विचारलं.

"कापायला काय आहे. कॅनव्हास आहे. आणखी जाड कापलंय मी."

"मग?"

तिने कोटावर तळहात ठेवला. "घातला की शांत असतं, कोबी. आत स्वेटर, वर हा, वर पट्टा आवळलेला. काही ऐकू येत नाही. माझं मलासुद्धा नाही. बाहेरही तसंच असतं. पण आतलं बरं वाटतं. तिथे ते चालतं. तिथे तसंच असायला हवं असतं."

मी म्हटलं, "ओटमार म्हणतो, कपडाच नेम धरत असेल तर..."

"माहीत आहे ओटमार काय म्हणतो." तिच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. "केक घेऊन जा. मी खाणार नाही, वाया जाईल."

मी केक तिथेच ठेवून आलो. परतीच्या वाटेवर ठरवलं की रविवारी ती येणार नाही. व्रेनीला सांगितलं. व्रेनी म्हणाली, "ताट परत आलं की बघू."

रविवारी प्रवचन संपेपर्यंत आमच्याकडे गोळी वाजत नाही. घंटा झाली, गाई हलवल्या, झेंडा चढला. नऊ गावांची माणसं खोपटासमोर रांगेत. ट्रूडीच्या शेगडीवर सॉसेज तडतडतायत, त्सुप्फे, म्हणजे वेणीसारखा गुंफलेला पाव, कापून ठेवलेला, कॉफीत श्नाप्स किती घालायची यावर भांडण चालू. आणि उतारावरून सायकल आली. पाठीला रायफल आणि हातात व्रेनीचं ताट, धुतलेलं.

ओटमारच्या टेबलापाशी ती उभी राहिली तेव्हा खोपटातले सगळे एकदम दुसरीकडे बघायला लागले, म्हणजे सगळे तिच्याकडेच बघत होते. वजन लावलं, चापाने पेललं. फळीवर तळवा वाकला. तिने कोट उघडला. आत पातळ निळा सदरा. चिमटा टक्कन मिटला.

"हात खाली. मूठ."

कड बरोबर मुठीशी. कापलेल्या जागी एकेरी दुमड घातली होती, जाडी वाढू नये म्हणून, आणि टाका असा की मूळचाच वाटावा. ओटमारने कडेवरून अंगठा फिरवला. त्याची नजर तिच्या उजव्या मनगटापाशी जरा थांबली. मग त्याने घसा खाकरला आणि कोटाच्या बटणात तपासणीची चिठ्ठी बांधली.

"जा," म्हणाला.

ती तिसऱ्या निशाणावर आडवी झाली. मी मागे, दुर्बिणीपाशी. पट्टा आवळला, काडतूस भरलं, गाल दस्त्याला लावला. आणि काही नाही. बाजूच्या दोघांच्या दोन दोन गोळ्या झाल्या. हिची एकही नाही. मग तिने डोकं उचललं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"काय काय आहे?"

"कडी उडतेय. वर-खाली."

मी दुर्बीण बाजूला केली. मला कळलं आणि मला इतका आनंद झाला की हसू आवरेना, आणि त्या वेळी हसणं बरं दिसलं नसतं. "ती कडी नाही, रेगुला. ती तू आहेस. दंडातली नाडी पट्ट्यातून रायफलीत जाते. सगळ्यांचं होतं."

"आधी होत नव्हतं."

"आधी स्वेटर होता."

मी पुढे म्हणालो, "श्वास अर्धा सोड. दोन ठोक्यांच्या मधे चाप ओढ. घाई करू नकोस."

"मधे किती वेळ असतो?"

"तुझं तुला कळेल. मोजू नकोस, ऐक."

ती परत वळली. पहिली गोळी सहाच्या वर्तुळात. खंदकातून खूण आली तेव्हा आमच्या बाकावरून सुस्कारा आला. दुसरी सात. मग पुन्हा सहा. हान्सुएलीची रायफल, नवख्या बाईच्या हातात असल्यासारखी. आणि ती होतीच तशी. मला तिची पाठ दिसत होती. कोट आता खांद्यांवर सैल होता, आत जागा होती, आणि त्या जागेत ती श्वास घेताना दिसत होती. उन्हाळाभर मी ते पाहिलं नव्हतं. शेवटच्या काडतुसांत एक नऊ आला, एक आठ. माळेचा बिल्ला खूप लांब राहिला. शेजारच्या गावचा कुणीतरी म्हणाला, "ही का तुमची ती दगडावरची?" ट्रूडीने खिडकीतूनच त्याला सांगितलं की त्याचा सॉसेज आता संपलाय.

रेगुला उठली, रिकाम्या नळ्या गोळा केल्या, पुसून खिशात टाकल्या. तोंडावर काही नव्हतं. हात मात्र तिने डाव्या दंडावर धरून ठेवला होता, जिथे पट्टा आवळलेला असतो तिथे. मी शेजारी उभा राहिलो. मला वाटलं, गेली ही. आता हिचं दार काही उघडत नाही. म्हणून मी सरळच विचारलं, "रेगुला, पुढच्या शनिवारी येणार ना?"

तिने ओटमारच्या टेबलाकडे पाहिलं. तो दुसऱ्या कुणाचा तरी मोजा मोजत होता.

"येते. पण ओटमारला सांग, माझी उजवी बाही मनगटाखाली येते आणि ते त्याने पाहून सोडलंय. मला सूट नकोय. आज घरी जाऊन तीही कापते."